अंबडच्या पुढचा समुद्र

बद्रीनाथ गुरुजी जळत होते. खोटं कशाला बोला? परतूरच्या बाजारपेठेत कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारी रितिका, म्हणजे श्रेणिकशेठची बायको, हिचं कुणी नाव जरी काढलं तरी गुरुजींच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. मग नंदाबाई त्यांच्या हातावर ओवा ठेवायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची कुठली जळजळ पोटातली आणि कुठली मनातली, हे त्या बाईला बराबर कळत होतं. पण मनातलीवर घरात औषध नव्हतं, म्हणून ओवा.

गुरुजी काही ऐरेगैरे नव्हते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेली. पोरांना गोष्ट सांगावी तर गुरुजींनीच, असं तालुक्यात म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं जमायची. राजपुत्र चंद्रसेन, त्याचा उडता घोडा, सात दऱ्यांपलीकडचा चेटक्या. गुरुजी हात उडवून उडवून सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट दोनशे पानी वहीत ठळक अक्षरात उतरवायचे. मथळा लाल शाईनं. अशा नऊ वह्या भरल्या होत्या. आणि ओट्याच्या पहिल्या पायरीवर, सगळ्यांच्या पुढं, बसायची अक्षता. बबलूची पोरगी, गुरुजींची एकुलती एक नात. बाकीची पोरं आली काय अन् न आली काय, गुरुजी गोष्ट सांगायचे ती तिच्या तोंडाकडं बघून.

आणि मधेच ही रितिका उपटली.

दर उन्हाळ्यात ते कुटुंब फिरायला जायचं. एक साल हिमाचल, एक साल केरळ. बाकीचे लोक फिरून आले की फोटो दाखवतात आणि गप बसतात. ही बाई गोष्ट लिहायची. तिची दोन पोरं बर्फात वाट चुकायची, तिची दोन पोरं किल्ल्यात चोर पकडायची, तिच्या सासूबाई सुगनबाई खाकऱ्याचा डबा आपटून माकडं पळवायच्या. रंगीत चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक, दरसाल एक. ‘बर्फातली पायवाट’ आलं तेव्हा ओट्यावरची पोरं निम्मी झाली. ‘किल्ल्यातला हिरवा कंदील’ आलं आणि पायरीवर एकटी अक्षता उरली. तीही मांडीवर ते पुस्तक उघडून!

“स्वतःचीच पोरं नायक करायची! ही काय कल्पना म्हणायची का?” गुरुजी नंदाबाईंपुढं हात नाचवायचे. “अन् यांच्या गोष्टीत रात्र म्हणून होत न्हाई. जैन माणसं, दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय ना यांना, म्हणून चोर बी पाच वाजताच सापडून राह्यला!”

“दिवसा चोर पकडणं जास्त अवघड असतंय, आबा,” अक्षता पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची.

मग गुरुजी ओव्याची डबी शोधायला उठायचे.

पण खरा घाव बसला तो मागच्या साली जूनमध्ये. अक्षताच्या शाळेत एक पद्धत होती. शाळा उघडली की पहिल्या शनिवारी पोरांनी दप्तर आणायचं नाही. प्रत्येकानं आपल्या आवडीची गोष्ट सगळ्यांपुढं वाचून दाखवायची आणि घरच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायची. पहिलीत, दुसरीत अक्षतानं आबांची वही नेली होती. तिसरीतही तेच होणार म्हणून गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले आणि शेजारच्या माणसाला कोपर मारून म्हणाले, “आता ऐका.” अक्षता उठली. तिनं पिशवीत हात घातला. आणि बाहेर काढला तो हिरवा कंदील. सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या, शेजारच्यानं गुरुजींकडं बघितलं, आणि गुरुजींनी सदऱ्याची बाही उगाचच सारखी केली.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं. पुढच्या जूनमध्ये पोरीच्या हातात आपली वही पाहिजे. बाकी काही नको. बक्षीस नको, पुस्तक छापायला नको, वही पाहिजे.

वर्षभर विचार करून करून मार्चमध्ये त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्या बाईकडं कल्पना नव्हतीच, तिच्याकडं सुट्टी होती. आपण एकसष्ट वर्षांत गेलो कुठं? जांब समर्थच्या जत्रेला सालातून एकदा, जालन्याला पेन्शनच्या कागदांपायी, अन् लग्नकार्यं. समुद्र तर चित्रातच पाहिलेला.

“आपुन समुद्र पाहायला चाललो,” त्यांनी जाहीर केलं. “कोकणात. मे महिन्याच्या शेवटाला.”

बबलूला बियाण्याच्या दुकानातून सीझनमध्ये हलता येईना आणि सूनबाई वंदनाला अंगणवाडी. ठरलं असं, की गुरुजी, नंदाबाई आणि अक्षता जातील. गुरुजींनी दहावी वही उघडली. पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, ‘समुद्रावरचं साहस’. खाली बेत: पहिला दिवस पुणे, दुसरा दिवस समुद्र. सगळ्या पेठेत सांगून झालं. श्रेणिकशेठच्या दुकानापुढं तर ते दोनदा थांबून मोठ्यानं बोलले.

“गुरुजी, समुद्राला चालले म्हणे?” रितिकानं वरून विचारलं. “वा! आम्ही पण परीक्षा संपल्याबरोबर जाऊन आलो. लाटा बघून घ्या, खूप मजा येते.”

जाऊन आलो! म्हणजे समुद्रसुद्धा हिचा उष्टा. गुरुजींनी घरी येऊन न मागता ओवा खाल्ला.

बेत आखताना गुरुजींनी सगळं पाहिलं होतं. शाळेच्या तारखा, गाडीच्या वेळा, पावसाचा अंदाज. पंचांग तेवढं बघायचं राहिलं. या साली धोंड्याचा महिना नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना, आणि या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीसचं वाण द्यायचं, ही आपली रीत. जावई एकसष्ट वर्षांचा झाला, त्याचे दात हलायला लागले, म्हणून त्याचं जावईपण सुटत नसतं. आणि नंदाबाईंचं माहेर अंबडला.

“अंबडवरून जाऊन भावाला तोंड न दाखवता जायचं?” नंदाबाई म्हणाल्या. “लोक काय म्हणतील? एक चहा घेऊ अन् पुढची गाडी धरू.”

“फक्त चहा,” गुरुजी म्हणाले.

अंबडच्या स्टँडवर त्यांचे मेहुणे संपतराव जीप घेऊन उभेच होते. नंदाबाईंनी फोन केला होता, हे सांगायला नको.

“दाजी! धोंड्याच्या महिन्यात जावई दारावरून जाऊन राह्यला अन् आमी चहावर काढू म्हणता? आमची काय इज्जत हाय का न्हाई गावात?”

झालं. पाट, रांगोळी, ताटात तेहतीस धोंडे, वरून तुपाची धार. टोपी, टॉवेल, पाच नारळ. पुण्याची गाडी गेली. गुरुजी म्हणाले, “उद्या सकाळी बिलकुल निघायचं.” सकाळी दारात संपतरावांचा चुलतभाऊ रामकिसन. “संपतकडं जेवले अन् आमच्याकडं न्हाई? आमी काय परके हावोत का?” संपतरावांना चुलतभाऊ चार. चौघांची चार गावं, आणि एकाकडं गेल्यावर दुसऱ्याकडं न जाणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. गुरुजी रोज एका गावाला जात होते आणि समुद्र रोज तितकाच लांब राहत होता.

रोज दुपारी पुरण खाऊन ते कुठल्या तरी परक्या पडवीत कुशीवर पडायचे आणि जळायचे. आत्ता ती बाई नवं पुस्तक लिहीत असेल. त्यात लाटा असतील. होडी असेल. आपल्याकडं काय हाय? पुरण! वही उघडून त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलं, ‘आज पुरण.’ दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘आज पुन्हा पुरण.’ तिसऱ्या दिवशी वही उघडलीच नाही.

“आबा, मी मागच्या पानांवर लिहू का?” अक्षतानं विचारलं. तिचे पाय ढोपरापर्यंत धुळीनं भरले होते, केसांत काडीकचरा.

“काय करायचं ते कर,” गुरुजी भिंतीकडं तोंड करून म्हणाले. “मला पडू दे.”

सहाव्या दिवशी मात्र त्यांनी हिय्या केला. सकाळी सहाची गाडी, कुणाला न सांगता. पिशवी काखेत मारून तिघं दारापाशी आले तर गुरुजींच्या चपला गायब. पाहुणा पळू नये म्हणून यजमानानं चपला लपवल्या होत्या. ही तर इकडची जुनीच खोड. अक्षता कुठं तरी पळाली आणि पाच मिनिटांत कडब्याच्या गंजीतून दोन्ही चपला घेऊन आली. धापा टाकत गाडी गाठली. गुरुजींनी खिडकीशी बसून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात तिकिटाचं मशीन घेऊन कंडक्टर आला, नंदाबाईंकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा फुलला.

“नंदाआक्का! वळखलं न्हाई का? तुमच्या चुलतीच्या माहेरचा मी. म्हंजे हे आमचे बी जावईच की!”

त्यानं तिघांना आपल्या गावाच्या फाट्यावर उतरवलं. बायकोला फोन करून धोंडे टाकायला आधीच सांगितलं होतं.

फिरायला काढलेले दिवस तिथंच संपले, आणि आठव्या दिवशी गुरुजी परतूरला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ सहा टोप्या, सहा टॉवेल आणि नारळांनी भरलेलं एक पोतं होतं. समुद्र तेवढा नव्हता. स्टँडवरून घराकडं येताना नेमकी दुकानाच्या पायरीवर रितिका उभी.

“आले का गुरुजी? बाप रे, एवढे नारळ! कोकणातले का?”

आता इथं सरळ माणसानं खरं सांगितलं असतं. गुरुजीही सरळच होते, पण आठ दिवसांचा जळफळाट आडवा आला.

“मंग!” ते म्हणाले. “तिकडं नारळाला काय तोटा? घ्या, एक तुमाला.”

“अन् समुद्र?”

“पाह्यला ना. लई मोठा हाय.”

नंदाबाईंनी पदराआडून कपाळाला हात लावला. अक्षतानं तोंड उघडलं, तर गुरुजींनी तिच्याकडं डोळे वटारले.

एकदा बोलून बसल्यावर मागं फिरायची सोय नव्हती. शाळा उघडायला थोडे दिवस उरले होते. गुरुजींनी दार लावून घेतलं आणि न पाहिलेला समुद्र लिहून काढला. त्यात अजय नावाचा शूर मुलगा होता, वादळ होतं, फुटकी होडी होती, शिंपल्यांची गुहा होती आणि मुद्दाम तीन तीन रात्री घातल्या होत्या. बावीस पानं. लिहून झाल्यावर वही अक्षताच्या हातात देऊन म्हणाले, “वाच. शनिवारी हीच वाचायची.”

तिनं वाचली. “छान हाय, आबा,” म्हणाली आणि वही पिशवीत ठेवली. गुरुजींना त्या ‘छान’मध्ये काहीतरी कमी वाटलं, पण वही पिशवीत गेली होती, बस.

शनिवारी परत तोच इस्त्रीचा सदरा, तीच पुढची रांग. योग असा, की शेजारी येऊन बसली ती रितिकाच. तिच्या पुस्तकातली गोष्ट तीन पोरांनी वाचली. गुरुजींनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या, बोटांच्या टोकांनी. मग वर्गाच्या बाईंनी अक्षताचं नाव घेतलं.

अक्षता उठली. पिशवीत हात घातला. आणि वही काढली. दहावी वही! गुरुजींची छाती अशी भरून आली की सदऱ्याचं बटण ताणलं. त्यांनी वळून सरळ रितिकाच्या तोंडाकडं बघितलं. वर्षभर याच क्षणासाठी जगलो, असं त्यांना वाटलं आणि ते खरंच होतं.

अक्षतानं वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं उघडली.

“गोष्टीचं नाव,” ती वाचायला लागली, “आबांना पळवून नेलं तेव्हा.

“माझ्या आबांना समुद्र बघायचा होता. पण अंबडला बाबांचे संपतमामा टपून बसले होते. त्यांनी आबांना पाटावर बसवलं आणि भोवती रांगोळी काढली, म्हणजे बाहेर पडता येऊ नये. ताटात तेहतीस धोंडे होते. ते खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. आबांनी सात खाल्ले आणि हात जोडले. पण मामाला दया आली नाही.”

सतरंजीवर कुणी तरी फिस्सकन हसलं. मग पोरं हसली, मग त्यांच्या आया, मग बाई स्वतः. गुरुजींचे कान तापले. पोरगी थांबायला तयार नव्हती. चार चुलतभावांची टोळी. पाहुण्याला पाडून टाकणारं तूप. कडब्याच्या गंजीत शिरताना तिच्या हाताला लागलेलं काहीतरी थंड, तो साप निघाला नाही, चप्पल निघाली. कंडक्टरचं रूप घेऊन आलेला शेवटचा शत्रू. आणि मधेच आजी: “आजीनं आठ दिवस कुणासाठीच चहा केला नाही. ती खूप हसत होती. मी आजीला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.”

गुरुजींनी हे काही पाहिलं नव्हतं. तिथंच होते ते, दहा हातांवर, भिंतीकडं तोंड करून.

“शेवटी आम्ही हरलो,” अक्षतानं वाचलं. “समुद्र दिसला नाही. नारळ मात्र खूप मिळाले. त्यातला एक आबांनी रितिका काकूंना दिला.”

संपलं! गुरुजींना वाटलं, आत्ता ही सतरंजी फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. टाळ्या तर थांबेचनात. एवढ्या टाळ्या हिरव्या कंदिलालाही पडल्या नव्हत्या. रितिका डोळे पुसत होती, हसून हसून. तिनं गुरुजींकडं वळून हात जोडले.

“गुरुजी, सासूबाई तर म्हणत होत्या, कोकणाच्या नारळाची गोडीच वेगळी!” मग तिचं हसू जरा ओसरलं. “पण एक सांगू का? आम्ही एवढं फिरतो, कुठंच कुणी आम्हाला ओळखत नाही. हॉटेलात जायचं, हॉटेलातून यायचं. चोर, कंदील, सगळं मला मनानं घालावं लागतं. चपला लपवणारं कुणीच नाही. खूप हेवा वाटला बघा मला.”

दोन वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो शब्द असा पुढ्यात आला, आणि गुरुजींना त्याची चवच लागेना. कारण त्यांची जळजळ आता रितिकावर नव्हतीच. ती सरकून पुढं उभ्या नऊ वर्षांच्या पोरीवर गेली होती. आपल्याच वहीत, आपल्याच नाकाखाली, आपल्याच पुरणातून तिनं गोष्ट काढली, अन् आपण लिहिलं काय, तर आज पुन्हा पुरण! नातीवर जळतो आपण, हे कळल्यावर त्यांना स्वतःची शरम वाटली, पण म्हणून जळणं काही थांबलं नाही.

घरी जाताना ते भराभरा पुढं चालत होते. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर राहवलं नाही.

“माझी का न्हाई वाचली? बावीस पानं लिवली होती मी. वादळ होतं, होडी होती. काय कमी होतं त्यात?”

अक्षतानं वही छातीशी धरली होती. ती चालता चालता म्हणाली, “त्यात मी न्हाई, आबा.”

“आँ?”

“तुमच्या कोणत्याच वहीत मी न्हाई. चंद्रसेन हाय, अजय हाय. रितिका काकूंच्या पुस्तकात त्यांची पोरं असतात. मला वाटलं, आता आपुन दोघं संग जाऊन राह्यलो तर या बारीला मी असंन.”

गुरुजी जागच्या जागी थांबले. स्वतःचीच पोरं नायक करायची, ही काय कल्पना म्हणायची का, असं ते याच पोरीच्या देखत कितीदा म्हणाले होते. दहा वह्या. पायरीवर बसलेल्या पोरीच्या तोंडाकडं बघून सांगितलेल्या दहा वह्या, आणि तिचं नाव एकाही ओळीत नाही. रस्त्यात उभं राहून रडायचं वय नव्हतं, म्हणून त्यांनी खाकरून घेतलं.

“चौथ्या गावाचं तू सोडलंस,” ते म्हणाले. “तिथं तू चिंचेवर चढली होतीस ना? तिथला मामा खालून वरडत होता. पडवीतनं आवाज आल्ता मला.”

“समुद्र दिसतो का बघत होते. तुमच्यासाठी.”

गुरुजींना परत खाकरावं लागलं.

“ते घालावं लागंल गोष्टीत. त्याच्याबिगर गोष्ट पुरी न्हाई.”

“मंग तुम्ही लिवा तेवढं. तुमचं अक्षर चांगलं हाय.” तिनं वही त्यांच्या हातात दिली, मागच्या बाजूनं. “पण वर नाव माझं राहील. तुमचं खाली.”

“खाली?”

“खाली.”

गुरुजींच्या छातीत जुनी ओळखीची जळजळ एकदा उठली. ओटा आला. ते पहिल्या पायरीवर, तिच्या जागेवर बसले, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, “चिंचेवरनं काय काय दिसलं, ते नीट सांग.”